मला नाही बाई येत!

कधीच न खेळणाऱ्या माणसाला खेळात ओढायचं असेल तर डबा कोणता उघडावा?

यशवंतपूर हे नाव ऐकलं की सातारा-सांगलीकडचं एखादं गाव डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात ते आहे बेंगळुरूच्या वायव्येचं एक गजबजलेलं उपनगर. महाराष्ट्रातला कांदा इथल्या बाजार समितीच्या आवारात उतरतो आणि महाराष्ट्रातून मुलाकडे, लेकीकडे राहायला आलेले आईवडील इथल्या रेल्वे स्थानकावर! कांद्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. आईवडिलांना मात्र दुपारी बोलायला माणूस मिळत नाही.

मुलगा-सून ऑफिसात, नाही तर घरातच कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. नातवंडं शाळेतून येतात ती तीन भाषांची भेळ बोलत. समोरच्या फ्लॅटमधल्या कन्नड अज्जी लिफ्टमध्ये भेटल्या की तोंडभर हसतात. पण हसण्यापुढे गाडी सरकत नाही, कारण यांना कन्नड येत नाही आणि त्यांना मराठी. अशा घरात रविवारी संध्याकाळी कुणीतरी हौसेने नवा कोरा बोर्ड गेम उघडतं. पुठ्ठ्याचे शे-दोनशे तुकडे टेबलावर पसरतात, वीस पानांचं नियमांचं पुस्तक बाहेर येतं आणि आजी खुर्ची मागे घेतात. "मला नाही बाई येत. तुम्ही खेळा, मी बघते."

यावरून आपण ठरवून टाकतो, की आजींना खेळात रस नाही. पण जिने लहानपणी सागरगोटे, सारीपाट आणि चल्लस आठ यांत दुपारच्या दुपारी घालवल्या, तिला खेळात रस नाही हे कसं शक्य आहे? तिला भीती असते ती सुनेसमोर, नातवासमोर वेडं ठरण्याची. नातू म्हणणार, "आजी, असं नाही गं, किती वेळा सांगितलं!" सगळे हसणार. प्रेमानेच हसतील, पण हसणारच. त्यापेक्षा नकोच ते! आजोबांचंही तेच असतं, फक्त ते 'नको' न म्हणता वर्तमानपत्र उघडतात.

म्हणूनच नवख्या माणसासाठी खेळ निवडताना 'सगळ्यात सोपा कोणता?' एवढंच पाहून भागत नाही. 'पहिली चूक कोणत्या खेळात खपून जाईल?' हे पाहावं लागतं.

व्यापारात दिवाळं

सोपाच हवा तर सापशिडी आहे. पण सापशिडीत ठरवायचं काहीच नसतं. फासा टाकायचा आणि नशिबात असेल तिथे जायचं. पाप-पुण्याचा धडा देणाऱ्या जुन्या मोक्षपटाला ते शोभत होतं. साठी ओलांडलेल्या माणसाला मात्र दहा मिनिटांत जांभया येतात, आणि आपल्याला लहान मुलांत काढलं हेही त्यांच्या ध्यानात येतं.

दुसरा हमखास निघणारा डबा म्हणजे व्यापार. अर्ध्या घराला तो माहीत असतो, एवढाच त्याचा गुण. खेळ दोन-तीन तास चालतो, एकेकाचं दिवाळं निघतं आणि पहिल्यांदा बाद झालेला माणूस उरलेला वेळ चहा करण्यात घालवतो. बहुतेक घरांत हा माणूस कोण असतो, ते सांगायला नकोच! यात नवल वाटण्यासारखंही काही नाही. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं, तेव्हा जागेचं भाडं खाणारा गब्बर होतो आणि बाकीचे कंगाल होतात, हेच त्यांना दाखवायचं होतं. त्यातूनच पुढे मोनोपॉली निघाला, १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तो बाजारात आणला आणि आपला व्यापार हा त्याचाच भाऊबंद. थोडक्यात, दिवाळं निघणं हा त्या खेळाचा दोष नव्हे, तो त्याचा मूळ हेतूच आहे. पाहुण्यांसाठी मात्र तो कपाटातच बरा.

अर्धा खेळ आधीच येतो

नव्या माणसाला जे आधीपासून येतं, त्याच्या जवळचा खेळ निवडला की निम्मं काम झालं. आजोबांना रमी येते ना? मग रमीकब काढा. पत्त्यांऐवजी यात १०६ सोंगट्या असतात. चार रंग, एक ते तेरा आकडे, प्रत्येकी दोन आणि वर दोन जोकर. रमीसारखेच क्रम आणि तिय्ये लावायचे, पण टेबलावर मांडलेले दुसऱ्यांचे क्रमही मोडून नव्याने जुळवता येतात. रुमानियात जन्मलेल्या आणि पुढे इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या एफ्राइम हर्टझानो यांचा हा खेळ. 'पत्ते म्हणजे जुगार' असं मानणारी जुनी मंडळीही सोंगट्या पाहून कुरकुर करत नाहीत, हा आणखी एक फायदा. आजोबा इथे नवखे नसतातच. दुसऱ्या डावात ते सुनेला सांगू लागतात, "तो जोकर इतक्यात टाकू नकोस."

भाषेचीच अडचण असेल, म्हणजे समोरच्या अज्जींनाही बोलवायचं असेल, तर क्वर्कल. लाकडाचे १०८ चौकोनी ठोकळे, सहा रंग आणि सहा आकार. ओळीत एक तर रंग सारखा ठेवायचा किंवा आकार, आणि एकच ठोकळा ओळीत दोनदा नको. एवढाच नियम! कुठेही एक अक्षर वाचावं लागत नाही. चुकीचा ठोकळा लावला तर तो लगेच दिसतो, उचलून घेतला की झालं. डाव काही बुडत नाही. सुझन मॅककिन्ली रॉस यांच्या या खेळाला २०११ चा जर्मन पुरस्कार मिळाला होता.

हा पुरस्कार लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ. जर्मनीत १९७९ पासून तो दिला जातो आणि घरच्या सर्वांना खेळता येतील असेच खेळ त्यासाठी निवडतात. रमीकबला तो १९८० मध्ये मिळाला. दुकानात गोंधळ झाला तर डब्यावर लाल सोंगटीचं चिन्ह आहे का ते पाहा. काळपट सोंगटी असेल तर तो खेळ मुरलेल्यांसाठी असतो आणि निळी असेल तर मुलांसाठी. एक इशारा मात्र द्यायला हवा. १९९५ चा विजेता 'कॅटान' आज जगभर गाजतो आहे, तरुण मुलं तोच आधी काढतात. खेळ उत्तमच आहे, पण नियम बरेच, वेळ तासाच्या वर आणि देवघेवीच्या भांडणात नवखा माणूस गप्प बसतो. तो चौथ्या-पाचव्या रविवारी.

रेल्वेने रोज ये-जा केलेल्या माणसांसाठी 'तिकीट टू राइड' फार चांगला. अ‍ॅलन मून यांचा हा खेळ २००४ मध्ये आला आणि त्याच वर्षी त्याने तो जर्मन पुरस्कार पटकावला. आपल्या पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची: डब्यांची रंगीत पत्ती घ्यायची, नाही तर जमवलेल्या पत्त्यांवर दोन शहरांमधला मार्ग बांधायचा, नाही तर नवी तिकिटं उचलायची. शेवटपर्यंत कुणी बाद होत नाही. मूळ नकाशा अमेरिकेचा आहे. पण २०११ मध्ये १९११ सालच्या हिंदुस्थानचा नकाशाही निघाला. तो स्वतंत्र खेळ नाही, त्यासाठी मूळ डब्यातल्या गाड्या आणि पत्ते लागतात. किंमत मात्र बघून घ्या. हे आयात खेळ काही हजारांच्या घरात जातात, आणि घेतलेला डबा माळ्यावर गेला की जीव हळहळतो. बेंगळुरूत बोर्ड गेम कॅफे आहेत, तिथे बसून आधी खेळून पाहता येतं. यशवंतपूरहून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्यात अर्धा दिवस गेला तर तो दोष खेळाचा नव्हे!

पैसे न घालवताही एक झकास खेळ होतो. व्लादा ख्वाटिल यांचा 'कोडनेम्स' हा शब्दांचा खेळ घरी कागदावर बनवता येतो. पंचवीस चिठ्ठ्यांवर पंचवीस शब्द लिहून पाच-पाचच्या ओळींत मांडा. दोन गट करा. त्यातले नऊ शब्द एका गटाचे, आठ दुसऱ्याचे, सात कुणाचेच नाहीत आणि एक शब्द घातकी. कुठला शब्द कुणाचा ते फक्त दोन म्होरक्यांना ठाऊक असतं. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, गटाने आपले शब्द ओळखायचे. घातकी शब्दाला हात लावला की डाव गेला. चुकीचं उत्तर इथे एकट्याच्या माथी येत नाही, ते गटाचं असतं. चिठ्ठ्या मराठीत लिहा. शेजारी कन्नड असतील तर दोन्हीकडचे शब्द शोधा: अण्णा, अक्का, तूप (त्यांचं तुप्प), खिडकी (त्यांची किटकी). ही यादी करतानाच निम्मी करमणूक होते.

शिकवणाऱ्याने काय करू नये

खेळ चांगला असूनही संध्याकाळ फसते ती बहुधा शिकवणाऱ्यामुळे. नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचू नका. जिंकायचं कसं आणि आपल्या पाळीला करायचं काय, एवढं पाच मिनिटांत सांगा, बाकीचं खेळता खेळता. पहिला डाव सर्वांनी पत्ते उघडे ठेवून खेळावा. नवख्या माणसाची पाळी पहिली नको, तिसरी-चौथी असू द्या. तोवर तो बघून निम्मं शिकतो. डब्यावरचं इंग्रजी वाचता येत नसेल तर आजी आणि नातू यांची जोडी करा. वाचणार नातू, ठरवणार आजी. सर्वांनी मिळून जिंकायचे किंवा हरायचे 'फॉरबिडन आयलंड'सारखे खेळही आहेत. त्यांत हरण्याची लाज कुणा एकाला नसते. पण घरात एखादा हुकूमशहा असेल तर तो सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच खेळतो. तुमच्या घरात तो कोण आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच. आणि आणखी एक डाव खेळू या असं वाटत असतानाच डबा बंद करा.

अज्जींचा चौकाबारा

इतक्या आयात डब्यांची चर्चा केली, पण यशवंतपूरच्या घरासाठी पहिल्या रविवारचा खेळ निवडायचा तर आमचं मत चौकाबाऱ्याला. कर्नाटकात घरोघर खेळला जाणारा हा खेळ. पाच गुणिले पाच घरांचा पट, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. उताण्या पडलेल्या कवड्या मोजायच्या. चारही उताण्या म्हणजे चौका, आणि चारही पालथ्या म्हणजे बारा, म्हणजे आठ! बारा म्हणजे आठ कसे, हे मराठी माणसाला पचायला जरा जड जातं, पण पट पाहिला की त्याला लगेच ओळख पटते. हे तर आपलं चल्लस आठ!

कन्नड अज्जी आणि मराठी आजी, दोघींनाही हा खेळ परकरी वयापासून येतो. एकमेकींची भाषा येत नसली तरी सोंगटी मारल्यावरचा आनंद दोघींना कळतो. नवखे ठरतात ते घरातले तरुण. नातवाला हात धरून शिकवावं लागतं आणि 'किती वेळा सांगितलं!' हे म्हणायची पाळी आजींची येते. या मातीला पटावरच्या खेळांचं वेड जुनंच आहे. म्हैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४-१८६८) यांनी स्वतः नवनवे पट रचले. 'श्रीतत्त्वनिधी' या त्यांच्या ग्रंथाच्या नऊ भागांपैकी एक, कौतुकनिधी, खेळांचाच आहे.

बसण्याआधी एक गोष्ट मात्र दोघींनी ठरवून घ्यावी. काही घरांत दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, काही घरांत तशी अट नसते. दर घराचा नियम वेगळा असतो आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. पट फरशीवर खडूने आखला तरी चालतो. सोंगट्यांच्या जागी डाळीचे दाणे, बटणं, बांगड्यांचे तुकडे, जे सापडेल ते. कवड्या नसतील तर चार चिंचोके घ्या आणि दगडावर एका बाजूने पांढरे होईपर्यंत घासा. घासायचं काम नातवाला द्या.