आयोनाच्या मठाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें वर्गणीची यादी आणि देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी उभी राहते. शिखर नवें होतें. दर्शनास येणाऱ्यांचीं मनें बहुधा होतीं तशींच राहतात. आयोनाची हकीकत आम्हांस वाचकांपुढें ठेवावीशी वाटली, ती तेथील लोकांनीं हीं दोन्ही कामें एकदम हातीं घेतलीं म्हणून.

आयोना हें स्कॉटलंडच्या पश्चिमेचें जेमतेम तीन मैल लांबीचें बेट. इ. स. ५६३ मध्यें कोलंबा नांवाचा आयरिश साधु येथें उतरला. पुढें १२०० च्या सुमारास बेनेडिक्टपंथी साधूंनीं येथें मठ बांधला, आणि सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतीनंतर तो ओस पडला. १८९९ मध्यें आर्गाइलच्या ड्यूकनें ते अवशेष एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केले. मंडळानें चर्च दुरुस्त केलें. परंतु साधूंच्या राहण्याजेवणाच्या जागा पडक्याच राहिल्या.

जॉर्ज मॅक्लाउड हे १९३० पासून ग्लासगो शहरांतील गोव्हन या भागांत धर्मोपदेशक होते. गोव्हन म्हणजे जहाजें बांधणाऱ्यांची वस्ती. मंदीच्या त्या वर्षांत गोद्या थंडावल्या आणि कसबी कारागीर रिकाम्या हातांनीं बसून राहिले. घरंदाज कुळांत जन्मलेल्या, ऑक्सफर्डमध्यें शिकलेल्या या गृहस्थांस एक गोष्ट बोंचूं लागली. व्यासपीठावरील भाषा कारागिरांस कळत नव्हती, आणि कारागिरांचें जिणें उपदेशकांस ठाऊक नव्हतें. नुसतीं प्रवचनें वाढवून ही दरी कशी बुजणार?

१९३८ मध्यें त्यांनीं तें स्थान सोडलें आणि कांहीं बेकार कारागीर व नुकतेच शिकून निघालेले तरुण उपदेशक यांस घेऊन आयोना गांठलें. व्यवस्था अशी कीं, गवंडी व सुतार यांनीं कसबाचें काम करावें आणि उपदेशकांनीं त्यांच्या हाताखालीं दगडचुना वाहावा. प्रार्थना, काम आणि जेवण, सर्व एकत्र. पदवीधरानें गवंड्याचा हुकूम मानावयाचा, ही कल्पना आमच्या पांढरपेशा वर्गास आजही सहज पचेल असें आम्हांस वाटत नाहीं! देवळाच्या जीर्णोद्धाराच्या सभेंत आपण अध्यक्ष होतों. घमेलें कोणी उचलीत नाहीं.

तिकडेही टीका झालीच. हे लोक अर्धे रोमच्या वाटेवर आणि अर्धे मॉस्कोच्या वाटेवर आहेत, असें म्हटलें जाई. मठ बांधतात म्हणून कॅथॉलिक, मजुरांत मिसळतात म्हणून साम्यवादी! १९३९ मध्यें युद्ध सुरू झालें; माणसें आणि लांकूड दोहोंचीही चणचण पडली. तरी काम थांबलें नाहीं. युद्धानंतर भोजनशाळेच्या छपरासाठीं नॉर्वेनें लांकूड दिलें. सर्व इमारती उभ्या राहण्यास १९६५ साल उजाडलें. घाई झाली असती तर मठ लौकर उठला असता. पण उपदेशक आणि कारागीर यांची ओळख मात्र वरवरचीच राहिली असती, असें आम्हांस वाटतें.

मॅक्लाउड १९९१ मध्यें वारले. २००० पासून मठाची देखभाल सरकारी खात्याकडे आहे. मंडळाचे सभासद मात्र ठिकठिकाणीं आपापल्या घरीं राहून नित्य प्रार्थना करतात, आणि आपला पैसा व वेळ कोठें खर्च झाला याचा हिशेब एकमेकांस देतात.