प्रेझ्मेर येथील दुर्गयुक्त ख्रिस्तमंदिर

दुर्ग म्हटला कीं तो बांधणारा राजा अथवा सरदार कोण, हा प्रश्न आपण प्रथम विचारतों. मनुस्मृतींतील षड्विध दुर्गांचें विवेचन राजधर्माच्याच प्रकरणीं येतें, व आपल्याकडील गढीही बहुधा पाटलाच्या अगर देशमुखाच्या नांवानें ओळखली जाते. रुमानियांतील ट्रान्सिल्व्हेनिया प्रांतीं मात्र निराळा प्रकार आढळतो. तेथील सॅक्सन शेतकऱ्यांनीं गांवच्या ख्रिस्तमंदिराभोंवतीं स्वतःसाठींच दुर्ग उभारले. त्यांपैकीं प्रेझ्मेर (जर्मन नांव टार्टलाउ) येथील दुर्गाचा विचार येथें कर्तव्य आहे.

हे सॅक्सन मूळचे जर्मन. हंगेरीचा राजा दुसरा गेझा (इ. स. ११४१-११६२) यानें सीमारक्षणार्थ त्यांच्या वसाहतीस आरंभ केला. पुढें इ. स. १२११ मध्यें दुसऱ्या अँड्र्यूनें ब्राशोवभोंवतींचा मुलूख ट्यूटॉनिक नामक धर्मयोद्ध्यांच्या संघास दिला व १२२५ मध्यें त्यांस हांकून लावलें. प्रेझ्मेरच्या मंदिराचा आरंभ याच अल्प कालांतला मानतात. इ. स. १२४० मध्यें तें सिस्टर्शियन यतींच्या हातीं गेलें. मंदिराचा मूळ आराखडा चारी भुजा समान असलेल्या क्रूसाचा आहे. पश्चिमेकडील भुजा मागाहून वाढविल्यामुळें तो आज चटकन ध्यानांत येत नाहीं.

मंदिर स्वतः लढाऊ नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्याच प्रांतांतील व्हालेआ व्हीइलोर येथें मंदिरावरच लढण्याचे मजले चढविले असून आंत विहीरही आहे. प्रेझ्मेरास सारा भार तटावर टाकला आहे. पंधराव्या शतकांत तुर्कांच्या स्वाऱ्या वाढल्या (१४२१ ची स्वारी या मुलखास विशेष जाचली), तेव्हां मंदिरास वेढणारा सुमारें ४० फूट उंच व १० फुटांहून अधिक जाड असा वाटोळा तट सिद्ध झाला. बाहेर पाण्याचा खंदक. आंत शिरण्यास कमानदार छताचा लांब बोळ व त्यांत वरून खालीं सोडावयाचें जाळीदार दार. माथ्यावर छपराखालून जाणारी फांजी, तींत जंग्या व शत्रूवर तप्त पदार्थ ओतण्याचीं छिद्रें.

परंतु खरें नवल तटाच्या आंतल्या अंगास आहे. तेथें चार मजल्यांवर २७० हून अधिक खोल्या मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें एकीस एक लागून बांधल्या आहेत. वर जाण्यास लांकडी जिने व सज्जे आहेत. प्रत्येक कुटुंबाची खोली ठरलेली असे व दारावर तिचा क्रमांक असे. शांततेच्या दिवसांत तींत धान्य व खारविलेलें मांस ठेवीत. वेढा पडला कीं तेंच कुटुंब तेथें राहावयास येई. म्हणजे एकाच जागेंत अंबारखाना, आश्रयस्थान व गांवकूस. मुलांची शाळाही तटांतच भरे, याचें प्रस्तुत लेखकासारख्या जुन्या पंतोजीस कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं! तेव्हां केवळ लष्करी वास्तु म्हणून या दुर्गाचें वर्णन करणें अपुरें होय. त्याचा नकाशा गांवाच्या कुटुंबगणनेवरून आंखला गेला आहे.

या गांवावर पन्नासांच्या आसपास वेढे पडले असें सांगतात. दुर्ग पडला तो एकदांच, इ. स. १६११ मध्यें, आणि घेणारा तुर्क नव्हे, तर त्याच देशाचा अधिपति गाब्रिएल बाथोरी! सोळाव्या शतकांत सॅक्सनांनीं ल्यूथरचा पंथ स्वीकारला होता. तथापि त्यापूर्वीचा, पंधराव्या शतकांतील त्रिदल चित्रफलक वेदीवर अद्याप कायम आहे.

इ. स. १९६२ ते १९७० या काळांत दुर्गाचा जीर्णोद्धार झाला व १९९९ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशांत त्याचा समावेश केला. मात्र १९८९ च्या राज्यक्रांतीनंतर ट्रान्सिल्व्हेनियांतील बहुसंख्य सॅक्सन कुटुंबें जर्मनींत निघून गेलीं. ज्या घरांच्या गणतीनें या खोल्या बांधल्या गेल्या, त्यांपैकीं फारच थोडीं आतां गांवांत उरलीं आहेत.