लाय अँगल उंचीवर ठरत नाही

गोल्फच्या आयर्न्सचा नवा सेट घेताना गिऱ्हाइकाला सरळ उभं करायचं, उंची विचारायची, मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरायची आणि तक्ता पाहून 'तुम्हाला एक अंश अपराइट' असं सांगायचं, ही पद्धत इतकी रुळली आहे की लाय अँगल म्हणजे कपड्यांसारखं माप, असं बहुतेकांना वाटू लागलं आहे. क्लबचा तळ, म्हणजे सोल, जमिनीवर नीट टेकला की शाफ्ट, म्हणजे दांडा, आणि जमीन यांच्यात जो कोन होतो, तो लाय अँगल. 7 नंबरच्या आयर्नला तो साधारण 62 ते 63 अंश असतो आणि क्लब आखूड होत जातो तसा दर नंबरामागे सुमारे अर्ध्या अंशाने वाढतो. कोन नेहमीपेक्षा जास्त असला तर क्लब अपराइट, कमी असला तर फ्लॅट. ही व्याख्या स्थिर उभ्या क्लबची आहे. चेंडूला मात्र क्लब ज्या क्षणी लागतो, त्या क्षणाचाच कोन कळतो. लाय अँगलबद्दलचे बरेचसे गैरसमज या दोन कोनांची गल्लत केल्याने झाले आहेत.

हा कोन चुकला तर चेंडू बाजूला का जातो, ते एका पुस्तकावर पाहता येतं. पुस्तक टेबलावर उभं धरा, मुखपृष्ठ समोरच्या भिंतीकडे करा आणि खालचा एक कोपरा थोडा उचला. मुखपृष्ठ अजूनही भिंतीकडेच पाहत असतं. आता तेच पुस्तक मागे बरंच कलतं करा आणि पुन्हा तोच कोपरा उचला. या वेळी मुखपृष्ठाचं तोंड बाजूला वळतं. क्लबच्या फेसचं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचंही असंच होतं. फेस जितका मागे कललेला, म्हणजे लॉफ्ट जितका जास्त, तितकी लायची चूक दिशेत जास्त उतरते. म्हणून 'लांब क्लबला लाय महत्त्वाचा, छोट्याला चालून जातं' हा समज नेमका उलटा आहे. 10 अंश लॉफ्टच्या ड्रायव्हरमध्ये 2 अंशांची चूक फेसला जेमतेम 0.35 अंश वळवते, तर 46 अंशांच्या पिचिंग वेजमध्ये तीच चूक 2 अंशांहून थोडी जास्त होते. 100 मीटरवर चेंडूची रेषा सुमारे साडेतीन मीटर बाजूला जाते. मैदानावर याचा पुरावा प्रत्येक गोल्फर पाहतो. चढावर चेंडू पायांपेक्षा उंच असला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे जातो, आणि वेजने तर जास्तच जातो. अपराइट क्लब सपाट जमिनीवर तेच करतो: क्लबचं टोक, म्हणजे टो, वर राहतं आणि फेस डावीकडे पाहतो. फ्लॅट क्लबचा फेस उजवीकडे.

आता उंचीचा प्रश्न. उंच माणसाला अपराइट आणि बुटक्याला फ्लॅट हे सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक आहे. कार्स्टन सोल्हाइम यांनी स्थापन केलेल्या पिंग कंपनीची रंगांच्या ठिपक्यांची पद्धतही उंची आणि मनगटाच्या मापापासूनच सुरू होते. काळा ठिपका म्हणजे प्रमाण लाय. पण स्विंगमध्ये दोन गोष्टी घडतात ज्या टेपला दिसत नाहीत. क्लबच्या डोक्याचं वजन शाफ्टच्या रेषेबाहेर असल्यामुळे वेगात शाफ्ट वाकतो आणि टो खाली झुकते. शिवाय फटक्याच्या क्षणी हात उभं राहतानाच्या जागेपेक्षा बहुधा वर असतात, त्यामुळेही टो खाली जाते. म्हणून उभं राहताना टो किंचित वर दिसली तर क्लब चुकीचा आहे असं नाही. ती तशी दिसायलाच हवी. सारख्या उंचीच्या दोघांचे हात फटक्यात वेगवेगळ्या उंचीवर असू शकतात. गोल्फपटू ब्रायसन डिशॅम्बोची सगळी आयर्न्स एकाच लांबीची आणि नेहमीपेक्षा खूपच अपराइट आहेत, ती त्याच्या उंचीमुळे नव्हे, तर तो हात फार वर ठेवून खेळतो म्हणून.

मग तपासायचं कसं? सोलला टेप चिकटवून कडक बोर्डवरून फटके मारायचे आणि ओरखडा कुठे पडला ते पाहायचं, ही जुनी रीत सर्वस्वी टाकाऊ नाही. पण सोल गोलसर असतो आणि कडक बोर्ड दिसला की माणूस नकळत चेंडू उचलून मारतो, त्यामुळे तिच्यावरच निकाल देऊ नये. सरळ उपाय म्हणजे मार्कर पेन. चेंडूवर ठळक रेघ काढायची, ती जमिनीला काटकोनात उभी राहील आणि फेसकडे असेल असा चेंडू ठेवायचा आणि फटका मारायचा. शाईची खूण फेसवर उमटते. ती खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं तर क्लब अपराइट, हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला, झुकलं तर फ्लॅट.

यावर खरा आक्षेप असा की, ज्याचा स्विंगच रोज बदलतो त्याने काय मोजायचं. आधी स्विंग सुधारावा. आक्षेपात तथ्य आहे. दहा फटक्यांच्या खुणा दहा दिशांना झुकल्या असतील तर क्लबला हात लावू नये. पण त्या सगळ्या एकाच बाजूला झुकल्या असतील, तर तो क्लबचाच दोष समजावा, मग खेळाडू नवशिका असो वा मुरलेला. उलट चुकीच्या लायवर शिकणारा माणूस चेंडू डावीकडे जातो म्हणून मनगट अडवायला शिकतो, आणि ती सवय पुढे सोडवणं क्लब वाकवण्यापेक्षा कितीतरी अवघड. मात्र लाय हा स्लाइसवरचा, म्हणजे हवेत बाजूला वळणाऱ्या फटक्यावरचा, इलाज नाही. फटका बाहेरून आत येत असेल तर लाय बदलून तो मार्ग सरळ होत नाही.

वाकवण्याच्या भीतीबद्दलही थोडं. मऊ कार्बन स्टीलची फोर्ज्ड आयर्न्स एक-दोन अंश सहज वाकतात. कडक स्टेनलेस स्टीलच्या कास्ट आयर्न्सना जपावं लागतं, काही तुटूही शकतात, म्हणून हे काम मशिनवर जाणत्याकडूनच करून घ्यावं. क्लबची लांबी अर्ध्या इंचाने वाढवली तर लाय सुमारे एक अंशाने अपराइट भासतो, हेही आधी लक्षात घ्यावं. रोज कडक मॅटवर सराव करणाऱ्यांच्या मऊ आयर्न्सचा कोन वापरानेही सरकतो. तेव्हा वर्षातून एकदा लाय आणि लॉफ्ट दोन्ही तपासून घ्या, आणि सुरुवात पिचिंग वेजपासून करा.