दोन माणसे, एक बैल आणि काळवीट

‘पारध’ हा शब्द मराठीत फार जुना आहे. संस्कृतातल्या ‘पापर्द्धि’चे प्राकृतात ‘पारद्धि’ झाले आणि त्यातून आपली पारध आली. मूळ शब्दाची फोड केली तर ‘पापाची ऋद्धी’ असा अर्थ निघतो. ज्या लोकांचे पोट या कामावर चालले त्यांचे नावही त्यावरूनच पडले. पारध्याने रानात पाऊल टाकण्याआधीच शब्दाने त्याचा निवाडा करून ठेवला होता.

मी विद्यापीठातला नाही आणि वनखात्यातलाही नाही. गेली काही वर्षे सवड मिळेल तशी बीड जिल्ह्यातल्या जुन्या शिकारीची माहिती जमवतो आहे. मला एका प्रश्नाने धरून ठेवले. काळवीट ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने पळते. हातात बंदूक नसलेला माणूस ते पकडत कसा होता?

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटाच्या अंगाचा, कमी पावसाचा मुलूख. जमीन हलकी आणि मधूनमधून उघडे माळ. काळवीट इथलेच. नर पाठीवर काळा, पोटाला पांढरा, शिंगांना मळसूत्रासारखा पीळ आणि वजन साधारण पस्तीस-चाळीस किलो. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांत मूस नावाचे अजस्र हरीण असते. मोठा नर पाचशे किलोंच्या पुढे जातो. तिथल्या शिकाऱ्याला जोडीदार लागतो तो मुख्यतः मांस वाहून आणायला. आमच्याकडचे काळवीट एकटा गडी खांद्यावर टाकून आणील. तरीही फासेपारधी या शिकारीला जोडीनेच जात. त्याचे कारण जनावराच्या वजनात नव्हते.

आष्टी-पाटोदा पट्ट्यातल्या एका म्हाताऱ्या फासेपारध्याने मला ते समजावून सांगितले. आता त्यांची ऐंशी उलटली आहे. घरात ते गुजरातीच्या जवळची आपली बोली बोलतात आणि माझ्याशी इथली मराठी. १९७२ च्या आधीची, तरुणपणातली ती गोष्ट. त्यांचा एक जोडीदार होता. नात्यातला नव्हे, लहानपणापासूनचा सोबती. हरणाच्या शिकारीला दोघे नेहमी बरोबर असत.

हंगाम हिवाळ्याचा. दिवाळी सरली की माळावरचे गवत वाळते, पाणवठे मोजके उरतात आणि रब्बीची ज्वारी, हरभरा हिरवागार उभा असतो. कळप रात्री पिकात उतरतो आणि उजाडताना माळाकडे परततो. जाण्यायेण्याची वाट सहसा ठरलेली असते. दव पडलेल्या मातीत खूर स्वच्छ उमटतो. उन्हाळ्यात कडक झालेली तीच जमीन काही सांगत नाही. नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी लेंड्या टाकतो. ते ढीग पाहिले की त्याचा मुक्काम कळतो. तेव्हा दोन-तीन दिवसांचे पहिले काम म्हणजे नुसते पाहणे. फास त्यानंतर.

फास म्हणजे लांब दोर आणि त्याला हात-दीड हातावर बांधलेले तातीचे सरकते फाशे. कळपाच्या वाटेवर दोर आडवा ताणायचा, खुंट्या ठोकायच्या आणि वर पालापाचोळा टाकायचा. एकाने दोराच्या टोकाशी खड्ड्यात किंवा झुडपाआड पालथे पडून राहायचे. दुसऱ्याकडे शिकवलेला बैल. त्याच्या आडोशाने वाकून, बैल चरतो आहे असे भासवत, कळपाच्या मागच्या बाजूला लांबून वळसा घालायचा. बैलाला कुठे थांबायचे आणि कधी मान खाली घालायची हे शिकवलेले असे. चरणाऱ्या गुराला हरीण भीत नाही. मात्र गुरू फार जवळ आले की ते चार पावले बाजूला सरकते. ही चार-चार पावले फासाच्या दिशेने पडतील असे पाहणे, ही सगळी विद्या.

“हरणाला भेव दाखवायचं नसतं, दादा,” म्हातारबाबा म्हणाले. “भ्यालं की गेलंच समजा. त्याला नुसतं चालतं ठेवायचं.”

माझ्या प्रश्नाचे उत्तर या बोलण्यात होते. पळणारे काळवीट त्यांना पकडताच येत नव्हते, म्हणून ते त्याला पळूच देत नसत. पण यात बैलामागच्या माणसाला फास दिसत नाही आणि फासाजवळच्याला बैलामागचा माणूस दिसत नाही. हाक मारायची सोय नाही. जोडीदार आत्ता काय करत असेल, हे दोघांनीही मनातच ओळखायचे. त्यासाठी नुसते दोन गडी पुरत नाहीत, एकमेकांच्या सवयी जाणणारे सोबती लागतात.

त्यांनी सांगितलेल्या एका पहाटे पाच-सहा हरणे होती आणि मागे एक काळा नर. बैलाने अर्धा माळ ओलांडायला दिवस कासराभर वर आला. पुढच्या मादीने दोराजवळ थबकून कान टवकारले, तेव्हा बैलामागचा गडी जागीच थांबला आणि बैल खरोखरच चरू लागला. किती वेळ गेला ते त्यांना सांगता येत नाही. मग मादी दोरावरून पाय उचलून सहज पलीकडे गेली. नराचा पुढचा पाय मात्र अडकला. पालथा पडलेला जोडीदार त्याच क्षणी उठून धावला, कारण झटापटीत दोर तुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळी पालांवर वाटे पडले. बैलाला त्या दिवशी पेंड मिळाली. हे सांगताना म्हाताऱ्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती, पश्चात्तापही नव्हता. नावे मात्र दोनच आली, जोडीदाराचे आणि बैलाचे.

याच काळात दुसरी शिकारही चालू होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गावोगाव पोचल्या आणि रात्री झोतात हरणे मारणे हा हौशी लोकांचा खेळ झाला. देशभर काळविटांची संख्या घसरली ती बंदुकीने आणि माळ नांगराखाली गेल्याने. गुन्हेगार ठरला तो मात्र फासेवाला. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायद्याने पुसला गेला. त्याच वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारध्यांची एक शाखा म्हणून ‘चिता पारधी’ हे नाव आजही आहे. कोल्हापूरसारख्या संस्थानांत चित्ते शिकवून त्यांच्याकडून काळवीट धरवणारे हे लोक.

मग १९७२ उजाडले. मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला. त्याच सप्टेंबरात वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. माझे म्हातारबाबा त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. कायदा झाल्याचे त्यांना फार उशिरा कळले. बैल तोवर विकला गेला होता.

कायदा हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शेजारच्या कर्जत तालुक्यात १९८० मध्ये रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य झाले, पाटोद्याजवळ १९९४ मध्ये नायगावचे मयूर अभयारण्य. आज बीडच्या शेतकऱ्याची तक्रार हरणे पीक खातात ही आहे, म्हणजे हरणे उरली आहेत. पण शिकार थांबवताना तिच्यामागचे ज्ञानही आपण गुन्ह्याच्या खात्यात टाकले. कळप कुठून येतो, नर कुठे राहतो, कुठल्या आडोशाने जनावर बुजत नाही, हे सगळे आज पिके आणि हरणे दोन्ही वाचवायला हवे आहे. कठडा नसलेल्या विहिरीत हरणे पडतात. कुठल्या विहिरी त्यांच्या वाटेवर आहेत, हे जुना पारधी अर्ध्या दिवसात दाखवील.

हे स्वप्नरंजन नाही. अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांच्याच मदतीने तणमोरासारख्या दुर्मीळ माळपक्ष्यांसाठी गवताळ राने राखण्याचे काम झाले आहे. बीडमध्येही ते होऊ शकते. अडचण वेळेची आहे. फास टाकलेले हात आता ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांच्या नातवांना ऊसतोडीची कोयती ठाऊक आहे, खुराचा माग नाही. म्हातारबाबांचा जोडीदार चार वर्षांपूर्वी गेला. शिकारीतली त्याची बाजू, पालथे पडून वाट पाहण्याची, मला कुणाकडूनच लिहून घेता आली नाही.

मार्गशीर्षात अंधार पडला की पूर्वेला मृग नक्षत्र उगवते, त्याच्या पोटात बाणाचे तीन तारे आणि मागून येणारा तेजस्वी व्याध. आपल्या पूर्वजांनी पारध्याला आकाशात जागा दिली. जमिनीवर त्याला वनरक्षकाच्या शेजारी उभे करायला मात्र अजून एका शासकीय आदेशाची वाट पाहावी लागते आहे.