तिकिटाच्या हिशेबात न बसणारे अरण्य

रविवारी बोरिवलीच्या प्रवेशद्वाराशी तिकिटासाठी रांग लागते. डबे घेऊन आलेली कुटुंबे, कान्हेरीला निघालेले विद्यार्थी! संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा जमाखर्च मांडणारे या रांगेकडेच बोट दाखवतात. परंतु सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या अरण्याची खरी मिळकत तिकीट-खिडकीवर जमा होतच नाही. १८६० चा विहार आणि १८७९ चा तुळशी हे दोन्ही तलाव याच डोंगरांचे पाणी साठवतात. मुंबईच्या आजच्या गरजेत त्यांचा वाटा अल्प आहे हे खरे. पण ते पाणी दूरवरून आणावे लागत नाही.

कान्हेरीच्या भिक्षूंना पावसाचे हे मोल ठाऊक होते. शंभराहून अधिक लेण्यांजवळ त्यांनी कातळात टाकी खोदविली. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी येथे दाने दिल्याचे शिलालेख सांगतात. त्या दानांवर व्याज कोणी मागितले नसावे.

आज या अरण्याच्या सीमेला इमारती भिडल्या आहेत. त्यांच्या कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. दोष मात्र बिबट्याच्या खाती! वारली पाड्यांनी त्याच वाघोबाला शेंदूर लावून पिढ्यान्‌पिढ्या शेजार राखला आहे.