पावसाळ्यातील घोड्यांच्या चिखल्या : कारणे आणि उपाय

सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोरविलेल्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सेचा उल्लेख आहे. एक माणसांसाठी व दुसरी पशूंसाठी. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावविल्या, असेही त्यात नोंदलेले आहे. जुनागडजवळच्या गिरनार येथे हा लेख आजही पाहावयास मिळतो. पशूंविषयीची करुणा ही केवळ मनात बाळगण्याची भावना नसून तिला औषधाची व ज्ञानाची जोड हवी, हा धडा आपल्याला त्यातून मिळतो. म्हणूनच एका साध्या, परंतु दुर्लक्षित आजाराची माहिती आम्ही येथे देत आहोत.

भातलावणीच्या दिवसांत सतत चिखलात उभे राहिल्याने माणसाच्या पायांना चिखल्या होतात, हे आपण जाणतो. घोड्यालाही तसाच त्रास होतो. माथेरानसारख्या ठिकाणी खासगी मोटारींना बंदी असल्याने प्रवासी व सामान वाहण्याचे बरेचसे काम घोड्यांकडे असते. पावसाळ्यात तेथील तांबड्या मातीचा चिखल होतो आणि घोड्याचे पाय दिवसभर ओले राहतात.

आजार कसा होतो?

केवळ चिखलाने हा आजार होत नाही. कातडी ही शरीराची भिंत आहे. ती सतत ओली राहिली की मऊ पडते, आणि चिखलातील खडे व वाळू घासून तिला बारीक चिरा पडतात. या चिरांतून जंतू आत शिरतात. त्यांपैकी प्रमुख म्हणजे ‘डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस’. कोरड्या खपलीत हा जंतू कित्येक महिने निपचित राहतो व ओलावा मिळताच पुन्हा जागा होतो. ज्या घोड्यांचे पाय पांढरे असतात, त्यांची खालची कातडी गुलाबी व नाजूक असल्याने त्यांना हा त्रास अधिक होतो.

लक्षणे

खुराच्या वरचा आखूड भाग, विशेषतः त्याची मागील बाजू, रोज हाताने चाचपून पाहावी. सुरुवातीस केस एकमेकांना चिकटून त्यांचे झुपके होतात. मग खपल्या धरतात. खपलीखाली ओली, लाल जखम व पू दिसतो. पुढे पाय सुजतो, गरम लागतो आणि घोडा लंगडू लागतो.

उपचार

१) सर्वप्रथम घोड्याला कामावरून काढून कोरड्या जागी बांधावे. पाय ओला राहिला तर कोणतेही औषध लागू पडत नाही.

२) जखमेभोवतीचे लांब केस हलक्या हाताने कापावेत. खपल्या कोमट पाण्याने भिजवून मऊ कराव्यात व सहज निघतील तेवढ्याच काढाव्यात. ओरबाडून काढल्यास नवी जखम होते.

३) पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे, दहा मिनिटे ठेवावे व धुऊन टाकावे. नंतर स्वच्छ फडक्याने पाय पूर्ण कोरडा टिपावा. ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे.

४) मलम पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच व कोरड्या कातडीवर लावावे. ओल्या पायावर तेल किंवा ग्रीस चोपडल्यास ओलावा आतच कोंडतो. रॉकेल, फिनेल, जळके ऑइल यांनी कातडी भाजते. ती कधीही लावू नयेत.

५) निघालेल्या खपल्या जाळून टाकाव्यात. त्या घोड्याचे फडके व ब्रश दुसऱ्यास वापरू नये. हा संसर्ग क्वचित माणसालाही होतो, म्हणून हात साबणाने धुवावेत.

सूज वर चढली, घोडा लंगडला, ताप १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर गेला किंवा आठवड्यात उतार पडला नाही, तर विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. गोचिडीहून कितीतरी बारीक असे खरजेचे किडे किंवा यकृताचा विकार यांमुळेही अशाच खपल्या होतात. त्यांचे निदान डॉक्टरच करू शकतात. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, म्हणून त्याची लस दिलेली आहे ना, हेही विचारून घ्यावे.

प्रतिबंध

तबेल्याची जमीन उंच करून त्यावर मुरूम टाकावा व पाणी वाहून जाण्यास चर खणावा. अंथरूण कोरडे ठेवावे. कामावरून आल्यावर पाय वारंवार धुण्याची सवय पुष्कळांना असते. परंतु रोज धुवून पाय ओले ठेवण्यापेक्षा चिखल वाळू देऊन मऊ ब्रशने झाडणे केव्हाही चांगले. धुवावेच लागले तर पुसून कोरडे करावे. पावसाळ्याच्या तोंडावर पायांचे केस भादरू नयेत, कारण तेच कातडीचे पांघरूण असते.

हातावर पोट असलेल्या घोडेवाल्याला घोडा आठवडाभर उभा ठेवणे म्हणजे तेवढी मजुरी बुडणे होय. त्याची अडचण खरी आहे. परंतु वेळीच दिलेली आठवड्याची विश्रांती पुढचा महिनाभराचा खोळंबा व औषधांचा खर्च वाचविते.

आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दारी घोडा असेल. परंतु सहलीला जाणारे विद्यार्थी व वरातीसाठी घोडा ठरविणारे सभासद पुष्कळ आहेत. स्वार होण्यापूर्वी घोड्याच्या पायांकडे एकदा पाहावे. तो लंगडत असेल तर घोडेवाल्याला अपमान न करता सांगावे, ही माहिती द्यावी आणि दुसरा घोडा घ्यावा. ज्याला वाचा नाही त्याचे दुःख ओळखून ते कमी करणे, हे धम्माचेच आचरण होय.