‘मजूर मिळत नाही’ म्हणजे काय?

नारायणगावला मजुरांचा बाजार भरतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी, ठाकर घरची भातशेती आटोपली की कांदा-टोमॅटोच्या बागायतीत कामासाठी तिथे येऊन उभे राहतात. माझ्या आईने अशाच बागायतीत खुरपणी केली; म्हणून तिथे गेलो की मी भाव ऐकत थांबतो. माणसे जास्त, तर बागायतदार बोलेल ती मजुरी. माणसे कमी, तर तोच ‘चला की मावशी’ म्हणतो आणि मागून चहाच्या दुकानात बोलतो, ‘मजूर मिळत नाही, माजलेत.’

‘माजलेत’ हा शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकात नसतो. तिथे महागाईची भीती असते. सांगणे असे की बेकारी फार घटली तर मजुरी वाढते, मालक तो खर्च किमतीवर चढवतो. सबब व्याजदर वाढवून थोडी बेकारी राहू द्यावी. 1958 साली फिलिप्स यांनी ब्रिटनच्या आकड्यांवरून बेकारी आणि मजुरीवाढ यांचे व्यस्त नाते दाखवले. पुढे फ्रीडमन यांनी बेकारीचा ‘नैसर्गिक दर’ सांगितला. आपल्याकडे जातीलाही नैसर्गिकच म्हणत आले आहेत!

महागाई खोटी नाही, तिची झळ मजुरालाच आधी लागते. पण नफा थोडा घटून मजुरी वाढावी, हा मार्ग या हिशेबात सहसा धरलाच जात नाही. पोलंडचे अर्थशास्त्रज्ञ कालेत्स्की यांनी 1943 सालीच त्याचे कारण दिले: सर्वांना काम मिळाले की कामावरून काढण्याची धमकी बोथट होते, आणि मालकवर्गाला तेच नको असते. 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की बेकार माणसाला पोटासाठी मूलभूत हक्कही सोडून द्यावे लागतात.

महाराष्ट्रात रोजगार हमी 1972 साली सुरू झाली, 1979 पासून तिचा कायदा अमलात आला. डोंगरात पडकईचे, म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचर काढण्याचे, काम सरकारी मजुरीवर मिळाले तर नारायणगावला जायचे की नाही हे माणूस स्वतः ठरवतो. खुपते ते हे. 2011 साली केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनी शेतीच्या हंगामात मनरेगाची कामे थांबवावीत असे सुचवले होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी जो कायदा संमत केला त्यात 100 दिवसांचे 125 झाले. पण पेरणी-कापणीच्या काळात 60 दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली. म्हणजे मजुराला भाव मागता येतो त्याच दिवसांत त्याचा दुसरा दरवाजा बंद.

हे दिवस राज्य सरकारने ठरवायचे आहेत. डोंगरातला भाताचा हंगाम आणि खालच्या बागायतीतला कांद्याचा हंगाम एक नाही. जुन्नर-आंबेगावसाठी कोणाचा हंगाम धरला जातो ते कार्यकर्त्यांनी पाहावे, आणि बंदीच्या आधीची व नंतरची नारायणगावची मजुरी रोजच्या रोज वहीत उतरवून ठेवावी.